झाकली पट्टी सव्वा लाखाची

मराठी मजकुराची पानं लावणं आणि दुसऱ्यांचे लेख दुरुस्त करणं हा माझा धंदा. दिवसाचा बराचसा भाग पडद्याकडे बघण्यात जातो, त्यामुळे त्या पडद्यावर कोण किती जागा अडवून बसलंय याचा हिशेब मी घरभाड्यासारखा काटेकोर ठेवते. टूलबार झाकणं, मेनू लपवणं, टास्कबार खाली दडवणं हे सगळं मी करते, सोबतच्यांनाही करून देते. करून दिलेलं पूर्ववत कसं करायचं हे विचारणारे फोनही मग मलाच येतात. त्यातून जमलेले हे ठोकताळे. वाटेल तिथून वाचा, पण पाचवा वगळू नका.

१. कमी पडते ती उंची

जुन्या चौकोनी मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ ठिपके असायचे. पुढे रुंद पडदे आले आणि स्वस्तातले लॅपटॉप १३६६ बाय ७६८चे झाले. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. रुंदी वाढली, उंची होती तिथंच राहिली. आपण लिहितो ते पान मात्र उभं. आणि मेनू, रिबन, मोजपट्टी, स्टेटस बार, टास्कबार ही सगळी मंडळी आडवी पसरतात, म्हणजे नेमकी उंचीच खातात. अशा लॅपटॉपवर वर्ड उघडलं की पडद्याचा सुमारे तिसरा हिस्सा मजकूर सोडून इतर गोष्टींकडेच जातो.

देवनागरीला हे जास्त झोंबतं. वेलांट्या आणि मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, काही जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली. त्याच आकाराच्या रोमन अक्षरांपेक्षा दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. इंग्रजी लेख तपासणाऱ्याला एका नजरेत जेवढ्या ओळी दिसतात, त्याहून आपल्याला कमीच दिसतात. वाक्य कुठून सुरू झालं ते बघायला सारखं वर-खाली करावं लागलं की तपासणीचा दर्जा घसरतो, हे प्रूफं वाचणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून झाकायचं तर आधी आडव्या पट्ट्या झाका. आणि जी पट्टी उभी करता येते ती झाकू नका, कडेला लावा. लिबरऑफिसचे टूलबार उचलून डाव्या-उजव्या कडेला चिकटवता येतात. विंडोज १०मध्ये टास्कबारसुद्धा कडेला नेता यायचा; २०२१ साली विंडोज ११ आलं तेव्हा ती सोय त्यात नव्हती, आणि रुंद पडद्यांच्या जमान्यात नेमकी हीच सोय का काढावी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

२. घालवण्याआधी परत आणायची कळ हातात असू द्या

लिनक्सवरच्या केडीईच्या प्रोग्रॅममध्ये एक सभ्यपणा आहे. केट उघडून कंट्रोल-एम दाबलं की मेनूची पट्टी जाते. पण जाण्याआधी एक चौकट येऊन सांगते की मेनू पूर्ण दिसेनासा होईल, परत हवा असेल तर पुन्हा हीच कळ दाबा. सगळ्यांनी हा शिष्टाचार पाळला असता तर मला येणारे निम्मे फोन थांबले असते.

बाकीच्यांची उत्तरं आपणच लक्षात ठेवायची. वर्ड-एक्सेलची रिबन कंट्रोल-एफ१नं मिटते आणि उघडते. ब्राउझर पूर्ण पडदाभर करायला आणि परत यायला एफ११. विंडोजवरच्या फायरफॉक्सचा मेनू ऑल्ट दाबल्यावर तात्पुरता खाली उतरतो. मॅकचा डॉक कमांड-ऑप्शन-डीनं दडतो आणि त्याच कळांनी वर येतो. यात एक गोम आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा मुळात आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी असतात. नुसतं एफ११ दाबून काहीच होत नाही म्हणून माणूस घाबरतो. सोबत एफएन दाबायचं असतं.

पान लावणाऱ्यांची वेगळी व्यथा. इनडिझाइनमध्ये टॅब दाबलं की सगळी पॅनेलं एका फटक्यात अदृश्य होतात. पण हे केव्हा? कर्सर मजकुरात नसेल तेव्हा. मजकुरात असेल तर तीच कळ तिथं टॅबची मोकळी जागा घालते. डब्ल्यूचंही तसंच. एरवी चौकटींच्या रेषा लपवून छापल्यासारखं पान दाखवते, मजकुरात असाल तर मुकाट्यानं डब्ल्यू हे अक्षर उमटवते. अंक प्रेसला जायच्या संध्याकाळी ठरलेला संवाद होतो.

“ताई, सगळं गेलं! नुसतं पान उरलंय.”

“एस्केप दाब. आता टॅब.”

“आलं!”

“मगाशी जिथं टॅब मारत होतास ना, तो परिच्छेद एकदा बघून घे.”

३. एकदम नाही, पायरीपायरीनं

मेनू झाकणं हे काही आजचं खूळ नाही. १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये ते होतं, आणि मी संगणक शिकले तेव्हा क्लासमध्ये तेच शिकवत. लिहायला बसलं की पडद्याचा वरचा भला मोठा भाग कळांच्या यादीनं व्यापलेला असायचा. खाली मजकुराला उरतील तेवढ्या ओळी. पण कंट्रोल-जे आणि मग एच दाबलं की यंत्र विचारायचं, मदत कितपत हवी? तीन म्हणजे सगळी यादी, शून्य म्हणजे जवळजवळ काही नाही. मधल्या पायऱ्यांवर काही मेनू गळायचे, काही राहायचे. शिकणारा तीनपासून सुरू करायचा आणि बोटं तयार होतील तसा खाली उतरायचा.

त्याहून सुंदर गोष्ट दुसरी होती. बऱ्याचशा आज्ञा दोन कळांच्या असत. कंट्रोल-के आणि मग एखादं अक्षर. दुसरं अक्षर झटकन दाबलं तर मेनू दिसायचाच नाही, काम होऊन जायचं. थबकलात तर मात्र त्या गटाची यादी वर उघडायची. म्हणजे ज्याला येतंय त्याच्या वाटेत यायचं नाही आणि जो अडलाय त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. एवढं शहाणपण काळ्या पडद्यावरच्या त्या प्रोग्रॅममध्ये होतं, आणि आज कितीतरी ठिकाणी ते शोधावं लागतं.

यावरून मी घेतलेली सवय अशी. एका वेळी एकच पट्टी झाकायची आणि काही दिवस तसंच काम करायचं. हात दरवेळी त्या रिकाम्या जागेकडे जात असेल तर ती पट्टी गुपचूप परत आणायची. तिच्याशिवाय अडत नसेल तर पुढची.

४. काय लपवायचं ते यंत्राला ठरवू देऊ नका

ऑफिस २०००मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक प्रयोग केला. मेनू उघडला की तुम्ही नेहमी वापरता तेवढ्याच आज्ञा दिसायच्या, बाकीच्या दडलेल्या. खाली दोन बाणांची खूण असे, तिथं क्लिक केलं किंवा जरा थांबलं की पूर्ण मेनू उलगडे. कागदावर ही कल्पना उत्तम वाटते. पण आपण मेनू वाचत नसतो, त्यातली जागा ओळखत असतो. ‘वरून पाचवं’ एवढंच हाताला ठाऊक असतं. यंत्र आपल्या वापराप्रमाणे यादी आखूड-लांब करू लागलं की आज पाचवं असलेलं उद्या तिसरं होतं. म्हणून त्या काळी नवं यंत्र हाती आलं की टूल्स, कस्टमाइझ आणि तिथं मेनू कायम पूर्ण दिसेल अशी व्यवस्था करणं, हे पहिलं काम असे. २००७च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलचे मेनूच गेले आणि रिबन आली, तेव्हा त्यांच्याबरोबर हा खेळही संपला.

तुम्ही स्वतः लपवलेली वस्तू कुठं आहे ते तुम्हाला माहीत असतं, आणि उरलेल्या वस्तू आपापल्या जागी राहतात. हा फरक लहान नाही.

५. हुकूम झाका, हालहवाल झाकू नका

सगळं झाकून पडदा कोरा करण्याची हौस ज्यांना आहे त्यांच्याशी माझं भांडण इथं आहे. पडद्याच्या कडांवर दोन जातीच्या गोष्टी असतात. एक, ज्यांच्यावर आपण क्लिक करतो: ठळक करा, छापा, रकाने पाडा. दुसऱ्या, ज्यांच्यावर क्लिक करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं: कोणत्या भाषेचा कळफलक चालू आहे, कॅप्स लॉक आहे का, लेखात मी कुठवर आले, केलेले बदल नोंदवले जातायत की नाही. पहिल्या जातीचं बटण झाकलं तर त्याचं काम कळांनी होतं, काही बिघडत नाही. दुसऱ्या जातीची खूण झाकली तर तिची जागा घेणारं काहीच नसतं, कारण आपल्याला ती बघायची आहे हेच आपण विसरलेले असतो.

मराठीत लिहिणाऱ्याला याचा हिसका रोज बसतो. टास्कबार आपोआप दडणारा केला की घड्याळाशेजारची भाषेची खूणही त्याच्याबरोबर खाली जाते. आता विंडोज आणि स्पेसबार मिळून कळफलक बदलताना नाव क्षणभर दिसतं खरं, पण मध्ये फोन आला, चहा झाला, परत आलात, तर चालू काय आहे? इनस्क्रिप्टच्या सवयीनं ‘मराठी’ लिहायला जावं आणि कळफलक इंग्रजी असावा, तर पडद्यावर सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह आणि आर अशी वरात निघते. लेखात ती लगेच दिसते, पुसता येते. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके! तिथं माणूस पुन्हा पुन्हा तेच टंकतो आणि खातं बंद पडल्यावर नशिबाला दोष देतो. इनस्क्रिप्टवाले आणि उच्चारानुसार टंकणारे एकाच यंत्रावर असतील तर विचारूच नका.

दुसरं उदाहरण संपादनाचं. लेखकाच्या मजकुरात मी काय बदललं ते त्याला दिसलं पाहिजे, म्हणून वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवायचं असतं. रिबन मिटलेली, खालचा स्टेटस बार नजरेआड, अशा स्वच्छ पडद्यावर ते चालू आहे की बंद, हे कळायला मार्गच नाही. साधी दुरुस्ती आहे. स्टेटस बारवर राइट क्लिक केलं की लांबलचक यादी उघडते. त्यात ट्रॅक चेंजेस, कॅप्स लॉक, शब्दसंख्या यांच्यापुढे टिक करा. एक बारीकशी ओळ खाली राहते आणि जिवाचा घोर मिटतो. जुन्या वर्डमध्ये याच पट्टीवर ओव्हरटाइपची तीन अक्षरं असत. इन्सर्टची कळ चुकून दाबली गेली की पुढचा मजकूर गिळत टंकलेखन चालायचं, आणि ती अक्षरं गडद झालेली दिसली तरच उलगडा व्हायचा.

हा भेद ज्यांनी फार आधी ओळखला ते वर्डपरफेक्टवाले. १९८९ सालचं त्यांचं ५.१ हे प्रकरण उघडलं की समोर जवळजवळ कोरा पडदा येई. ना मेनू, ना यादी. आज्ञा सगळ्या फंक्शनच्या कळांवर, आणि कुठल्या कळेनं काय होतं ते लिहिलेली एक पट्टी कळफलकावर त्या कळांभोवती बसवलेली असे. हुकूम असे पडद्याबाहेर काढले होते. पण उजव्या कोपऱ्यात खाली एक ओळ कायम: कुठला दस्तऐवज, कुठलं पान, कुठली ओळ, ओळीत कर्सर कुठं. ‘पॉझिशन’साठी तिथं ‘पॉस’ एवढंच लिहिलेलं असे आणि कॅप्स लॉक चालू झाला की तोच शब्द मोठ्या लिपीत दिसे. तीन अक्षरांत दोन बातम्या! आजच्या ‘लक्ष विचलित न करणाऱ्या’ कोऱ्या पडद्यांची जाहिरात वाचताना मला ती ओळ हमखास आठवते.

बाजूचा स्क्रोल बारही याच जातीचा. चाकानं किंवा दोन बोटांनी पान सरकवता येतं, मग ती पट्टी कशाला, असं म्हणून २०११ साली आलेल्या मॅकच्या लायनपासून ती एरवी लपलेली असते, हात लावला की दिसते. पण ती सरकवण्यापुरती नसतेच. ठोकळा केवढा आहे त्यावरून लेख केवढा ते कळतं, तो कुठं आहे त्यावरून वाचून किती झालं ते. मासिकासाठी आलेला लेख उघडताक्षणी त्या ठोकळ्याकडे नजर जाते आणि कात्री किती चालवावी लागणार याचा अंदाज येतो. मॅकच्या सेटिंगमध्ये तो कायम दिसेल असं करता येतं. मी तेच करते.

६. दडलेला टास्कबार कडेला टपून बसतो

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली एक नियम मांडला. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते लवकर गाठता येतं. पडद्याची कड या हिशेबात फार मोठं लक्ष्य ठरते, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण तिथंच अडतो. टास्कबार आपोआप दडवायची सोय विंडोज ९५पासून आहे ती याच्याच जोरावर: बाण खाली नेऊन आपटा, टास्कबार वर येतो.

पण कड सोपी असते तशी ती चुकून लागायलाही सोपी. एक्सेलमध्ये एका शीटवरून दुसऱ्यावर जायच्या पट्ट्या तळाशी असतात. बाण तिकडे न्यावा आणि जरा जास्त खाली गेला की टास्कबार उसळून नेमक्या त्याच पट्ट्यांवर बसतो. हिशेबनिसांच्या यंत्रावर म्हणूनच मी टास्कबार दडवत नाही, तिथं रिबन मिटते. शिवाय एखाद्या प्रोग्रॅमला तुमचं लक्ष हवं असेल तर दडवलेला टास्कबार वर येऊन तिष्ठत उभाच राहतो. त्या चमकणाऱ्या चिन्हावर क्लिक करेपर्यंत जात नाही. तो बिघाड नव्हे.

७. चार बटणं हाताशी

रिबन मिटवली तरी वर्डमध्ये एक छोटी पट्टी उरते, क्विक ॲक्सेस टूलबार. रिबनवरच्या कुठल्याही बटणावर राइट क्लिक करून ते तिच्यात टाकता येतं, आणि मग ऑल्ट-१, ऑल्ट-२ अशा कळा त्यांना आपोआप मिळतात. माझ्याकडे तिथं शैली, तळटीप, खास चिन्हं आणि ट्रॅक चेंजेस एवढीच आहेत. जास्त घातली की ती दुसरी रिबन होते.

८. सामायिक यंत्रावर हात आवरा

आमच्याकडे मजकूर वाचायला एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. मेनू झाकलेल्या यंत्रावर बसले की त्यांचं सुरू होतं.

“अहो बाई, याचा फाइलचा मेनू कुठं गेला?”

“सर, ऑल्ट दाबा. दिसेल.”

“दिसला. पण ऑल्ट दाबल्यावर दिसतो, हे कुठं लिहिलेलं दिसणार होतं मला?”

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. दिसत असलेला मेनू न वापरताही शिकवत असतो. एखाद्या प्रोग्रॅमला काय काय येतं ते माणसाला कळतं ते बहुधा दुसरंच काहीतरी शोधताना. मला ‘रकान्याचा तोल’ ही सोय अशीच भलतं काही धुंडाळताना सापडली. झाकलेल्या मेनूत असं काही सापडत नाही. ज्याला प्रोग्रॅम पाठ आहे त्यानं खुशाल झाकावं. शिकणाऱ्याचा, क्वचित बसणाऱ्याचा आणि ज्याची नजर किंवा हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत त्याचा पडदा भरलेलाच बरा.

तोडगा फुकट आहे, तरी कार्यालयांतून फारसा दिसत नाही. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायचं. टास्कबार, डेस्कटॉपवरची चिन्हं, वर्डची रिबन, ब्राउझरच्या पट्ट्या हे सगळं खात्यागणिक वेगळं राहतं. सरांच्या खात्यात सगळे मेनू उघडे, अक्षरं मोठी, स्क्रोल बार जाड. माझ्या खात्यात माझी उघडीबोडकी रचना.

९. पडदा दुसऱ्याला दाखवण्याआधी

ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर करण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-बी. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत बुकमार्कची पट्टी जाते. कुणाचं गृहकर्ज कुठल्या बँकेत आहे आणि कोण कुठल्या लग्नाच्या साइटवर स्थळं बघतंय, हे मला अशा बैठकांतूनच कळलंय. डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू आणि चिन्हं दाखवण्यापुढची टिक काढली की ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरे’ या फायलीही झाकल्या जातात. जात नाहीत, नुसत्या दिसत नाहीत.

१०. आत किती खोल शिरायचं

राइट क्लिक करून टिक काढणं हा झाकण्याचा वरवरचा प्रकार. त्याखालचा थर म्हणजे फाइल लिहून प्रोग्रॅमचं रूप बदलणं. फायरफॉक्समध्ये युझरक्रोम नावाची सीएसएस फाइल ठेवून टॅबची पट्टीसुद्धा घालवता येते. त्याहून आधी लोक हे ॲड-ऑन घालून करत. २०१७च्या नोव्हेंबरात आवृत्ती ५७ आली, जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंद झाली आणि अनेकांची वर्षानुवर्षं सजवलेली रचना एका अपडेटमध्ये गेली. पुढे २०१९ साली आवृत्ती ६९पासून ती सीएसएस फाइलही मुळात वाचली जाईनाशी झाली. अबाउट-कॉन्फिगमध्ये जाऊन आधी परवानगी द्यावी लागते. हा थर तसाच राहील असं वचन बनवणाऱ्यांनी कुणाला दिलेलं नाही, हे गृहीत धरूनच तिथं हात घालावा. मला टॅब बाजूला उभे लावायला तो लागायचा, आता ब्राउझर स्वतःच तसे लावून देतो, म्हणून मी त्या भानगडीतून बाहेर पडले.

आणि सगळंच विस्कटलं तर? इनडिझाइन-फोटोशॉपमध्ये विंडो मेनूतल्या वर्कस्पेसमध्ये रिसेट आहे. फायरफॉक्सच्या टूलबार सजवायच्या पानावर खाली मूळ रचना परत आणायचं बटण आहे. वर्डच्या ऑप्शन्समध्ये रिबनच्या पानावर रिसेट आहे. लिबरऑफिसमध्ये सेफ मोड आहे. तो मदतीच्या मेनूत असतो, आणि तो मेनूच हरवला असेल तर विंडोजच्या स्टार्ट मेनूत लिबरऑफिसच्या नावाशेजारी त्याची वेगळी नोंद असते. तिथून उघडा.